एक जूनचा वाढदिवस

संघप्रियाची मुलाखतीची तयारी मीच करून घेतली होती. मेडिकलला मुलाखत नसते, सगळं प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर ठरतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. तिच्या वडिलांनीही सांगितलं. नागसेन एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तो म्हणाला, "गुरुजी, नुसती कागदं बघत्यात आन् फी भरून घेत्यात. कुणी काय इचारत न्हाय."

पण मला ते पटेना. चाळीस वर्षांपूर्वी डी.एड.ला घेताना मला तीन माणसांपुढे उभं केलं होतं. त्यांनी माझ्या गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव विचारलं, आणि ज्या नदीत मी रोज पोहायचो तिचं नाव मला आठवेना. तेव्हापासून माझी खात्री आहे की माणूस उत्तर येत नाही म्हणून अडत नाही, सवय नसते म्हणून अडतो. त्यामुळे आठ दिवस रोज संध्याकाळी संघप्रिया आमच्या सोप्यात येऊन बसायची, आणि मी खुर्चीवर बसून डीन व्हायचो.

"समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. घाई करायची नाही. उत्तर पाठ असलं तरी आधी एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. हं. तुला डॉक्टर का व्हायचंय?"

हे उत्तर आम्ही दोघांनी मिळून बसवलं होतं. त्याची सुरुवात एका गोष्टीनं व्हायची. "माझा भाऊ सम्राट शाळेत जायचा. मी त्याच्या मागोमाग जाऊन वर्गाच्या दारात बसायची. उठवलं तरी उठायची नाही. शेवटी गुरुजींनी माझंही नाव पटावर घातलं. तेव्हापासून मला शिकायचं आहे." ही गोष्ट त्यांच्या घरात फार वेळा सांगितली जाते. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात सरपंचांनीही सांगितली. उत्तराची सुरुवात या गोष्टीनंच करायची, हे मीच सुचवलं होतं. ऐकायला मला बरं वाटायचं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिला जागा मिळाल्याची यादी लागली, आणि तीही कोल्हापुरातच. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं गडमुडशिंगीहून शहर बसनं निघालो, राजारामपुरीत उतरलो आणि तिथून रिक्षा केली. संघप्रियाच्या मांडीवर कागदांची फाईल होती. एक कागद मात्र फाईलमध्ये नव्हता. तो नागसेननं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला होता. जातीची व्हॅलिडिटी. ती मिळवायला अकरा महिने गेले होते. आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबांच्या वेळचा उतारा, सगळं शोधून काढावं लागलं होतं.

"नागसेन, घाम लागून भिजेल की रे ते," मी म्हणालो.

"भिजंना. पर माझ्या अंगावर ऱ्हाऊ दे."

अडचण आली तर त्या कागदाची येणार, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. बाकीच्या कागदांकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

कॉलेजच्या आवारात पोरांची आणि आईबापांची गर्दी होती. संघप्रिया मध्येच थांबली. तळमजल्यावरच्या एका खोलीच्या काचेतून हाडांचा सांगाडा दिसत होता. ती काचेला नाक लावून बघत राहिली, अगदी वर्गाच्या दारातून बघायची तशी.

"गुरुजी, खरा आहे तो."

"घाबरलीस व्हय?"

"नाही. बरगड्या मोजत होते. बाराच्या बारा जोड्या आहेत."

खिडकीत बसलेल्या कारकुनानं आम्हा तिघांकडे बघितलं. "पावणं, सगळं गाव घिऊन आलाय काय? आत पोरगीबरोबर एकच माणूस. आधी दोन सेट झेरॉक्स काढून आणा. ओरिजनल या यादीच्या क्रमानं लावायची. यादी तिथं फळ्यावर हाय, वाचा. मला इचारू नका, सकाळपासनं घसा बसलाय."

मी फळ्यापाशी गेलो. मला सगळं वाचायची सवय आहे, खालच्या बारीक अक्षरांसकट. कागदांच्या यादीखाली अटी होत्या. तिसरी अट अशी होती की उमेदवाराला या वर्षी एकतीस डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत.

मी ती अट वाचली आणि पुढच्या ओळीवर गेलो. मग परत वर आलो.

संघप्रियाचा वाढदिवस मला पाठ आहे. नऊ जानेवारी. पहिलीत असल्यापासून दर नऊ जानेवारीला ती माझ्याकडे तिळाचा लाडू घेऊन येते आणि मी तिला एक पेन देतो. शाळेच्या दाखल्यावर मात्र एक जून आहे, त्या जानेवारीच्या आधीच्या वर्षातला. दहावीच्या प्रमाणपत्रावर तोच, परीक्षेच्या फॉर्मवर तोच. आमच्या भागात यात कुणाला नवल वाटत नाही. निम्मा गाव एक जूनला जन्मलेला असतो, कारण पहिलीत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजी ती तारीख टाकतात. कागदाचा वाढदिवस वेगळा आणि घरचा वेगळा, हे पोरांना लहानपणापासून ठाऊक असतं.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. कागदाप्रमाणे ती जूनमध्येच सतरा वर्षांची झाली होती. खऱ्या तारखेप्रमाणे ती येत्या जानेवारीत होणार होती.

ती एक जूनची तारीख माझ्याच हातची होती.

इथं मला जे सांगायचं आहे ते मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ती दारात येऊन बसायची हे खरं. उठायची नाही हेही खरं. पण त्या वर्षी आमच्या माळावरच्या दोनखोली शाळेचा पट वीसवर आला होता. वीस किंवा त्याच्या आतल्या शाळा बंद होणार अशी बोलवा होती. मला एकविसावं पोर पाहिजे होतं. मी आठ दिवस वस्तीत फिरलो, कुणाचं पोर सापडेना. मग मी दाराकडे बघितलं. तिला साडेचार वर्षं झाली होती, पहिलीला पाच लागायची. मी रजिस्टरात एक जून लिहिलं आणि शाळा वाचली. ती हुशार निघाली म्हणून त्याची गोष्ट झाली. हुशार निघाली नसती, तर मी एका कोवळ्या पोराला पटासाठी डांबून ठेवलं होतं इतकंच झालं असतं.

झेरॉक्सच्या दुकानात नागसेन फाईल उलगडून बसला होता. अधिवासाच्या दाखल्यामागे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लावलेला होता. नऊ जानेवारी, ठळक अक्षरात. मी तो कागद बाजूला घेतला आणि नागसेनला फळ्यावरची अट सांगितली. त्याला पहिल्यांदा कळेना. मग कळलं. त्यानं आजूबाजूला बघितलं, जन्मदाखला घडी करून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाला, "यादीत हाय का हो?"

"न्हाई. शाळेचा दाखला चालतो."

"मग झालं."

"बाबा, तो कागद का काढला?" संघप्रिया मागेच उभी होती.

नागसेन माझ्याकडे बघायला लागला. तिला मी कधी काही लपवून शिकवलं नव्हतं, त्यामुळे गणित घालतात तसं विचारलं. "कॉलेजची शेवटची तारीख एकतीस डिसेंबर. तुला सतरा पूर्ण होणार नऊ जानेवारीला. किती कमी पडले?"

"नऊ दिवस," ती म्हणाली. उत्तर तिला लगेच आलं. त्याचा अर्थ मात्र थोडा उशिरानं तिच्या तोंडावर दिसला.

झेरॉक्सच्या मशीनमधून तिच्या मार्कांचे कागद एकामागून एक बाहेर पडत होते. तिनं ते गोळा केले, कडा जुळवल्या.

"कुणी विचारलं तर?"

"कागदावर हाय तेच सांगायचं," नागसेन म्हणाला. "आनी कागद काय खोटा न्हाय. बोर्डाचा शिक्का हाय त्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "गुरुजी?"

तिला माझ्याकडून उत्तराची सवय होती. मी म्हणालो, "कुणी विचारणार नाही, बाळ."

तिनं काय सांगावं हे मी तिला सांगितलंच नाही. ते तिच्याही ध्यानात आलं असणार.

रांग पुढे सरकत होती. पुढची एक मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "काय म्हणाले गं?" ती हसत म्हणाली, "कागद तपासले. आणि एक मॅडम आहेत, त्या उगाच गप्पा मारतात. डॉक्टर का व्हायचं, घरी कोण कोण असतं, असं."

सकाळी हे ऐकलं असतं तर मी नागसेनला कोपरखळी मारली असती. आता मी खिशातला जन्मदाखला चाचपला. संघप्रियाचं नाव पुकारलं. नागसेननं शर्टातून व्हॅलिडिटी काढून दिली. कागद कोमट झाला होता.

"तुमीच जावा आत," तो मला म्हणाला. "मला बोलाय जमायचं न्हाय."

आत टेबलामागे तिघं होते. एक कारकून, एक फोनवर बोलत असलेले गृहस्थ, आणि पन्नाशीच्या एक बाई. पुढ्यात पाटी होती, डॉ. अनुजा सरनोबत. बाईंनी मला विचारलं, "आजोबा का?"

"नाही. मी तिचा पहिलीचा गुरुजी."

"अरे वा," त्या म्हणाल्या. त्यांनी शिपायाला सांगून मला खुर्ची द्यायला लावली.

कारकून एकेक कागद उलटून यादीत खुणा करत होता. व्हॅलिडिटीवर त्यानं अर्धं मिनिटही लावलं नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग संघप्रिया, डॉक्टर का व्हायचंय तुला?"

तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. एक श्वास घेतला. आणि ती बोलायला लागली, "माझा भाऊ सम्राट शाळेत जायचा. मी त्याच्या मागोमाग जाऊन वर्गाच्या दारात बसायची."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही गोष्ट आज सांगू नकोस, एवढं एक वाक्य मी तिला बाहेर सांगायला पाहिजे होतं. दीड तास आम्ही रांगेत शेजारी शेजारी उभे होतो. मी नऊ दिवस मोजत बसलो आणि जे मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं ते विसरलो. मी खोकलो. ती थांबली नाही. थांबायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं.

"…शेवटी गुरुजींनी माझंही नाव पटावर घातलं."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. मग त्यांनी समोरचा शाळेचा दाखला ओढला. "आणि तारीख घातली एक जून. बरोबर? अगं, सकाळपासून माझ्यापुढे आलेली तू सातवी एक जूनवाली." फोनवरचे गृहस्थही हसले. "लाजू नकोस. मीसुद्धा एक जूनच. आमच्या गुरुजींनी आम्हा तिघी बहिणींना एक जूनच टाकला, वर्षं बदलून. माझा खरा श्रावणातला." त्या टेबलावर पुढे वाकल्या. त्यांच्या आवाजात कसलाही संशय नव्हता, माहेरचं माणूस भेटल्यावर बोलतात तसं बोलणं होतं. "तुझा खरा कधी असतो गं?"

संघप्रियानं माझ्याकडे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं ती बघेल. मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

तिनं बाईंच्या डोळ्यांत बघितलं. एक श्वास घेतला.

"माझा खरंच एक जून आहे, मॅडम."

"काय सांगतेस."

"हो. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो ना, त्यामुळे वर्गात कधी गोळ्या वाटता आल्या नाहीत. आई आमरस करते त्या दिवशी. आजी म्हणते, शेवटचे आंबे तुझे."

"म्हणजे एक तरी खरी निघाली म्हणायची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. कारकुनानं शिक्का मारला. "गुरुजी, चांगली तयार केलीय तुम्ही पोरगी."

मी हात जोडले.

बाहेर नागसेनला शिक्का दाखवल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे पुसले, मग लाजला, मग घरी फोन लावला. फी भरून पावती घेतल्यावर त्यानं आम्हाला गेटाबाहेरच्या टपरीवर नेलं. संघप्रियानं चहाचा पेला हातात धरला होता, पण ती पीत नव्हती. बाप फोनवर मोठ्यानं बोलत दूर गेला तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, आंब्याचं मी तिथंच जुळवलं."

"हं."

"बरोबर सांगितलं न्हवं मी?"

पाटीवर गणित सोडवून माझ्यापुढे धरायची तेव्हा ती असंच विचारायची. मी खडूनं खूण करायचो, बरोबर असेल तर बरोबरची, चूक असेल तर चुकीची. बारा वर्षांत एकदाही तिला तशीच उभी ठेवली नव्हती.

"चहा घे," मी म्हणालो. "निवतोय."

त्यानंतर ती होस्टेलवर राहायला गेली. दिवाळीत घरी आली तेव्हा पेढे घेऊन आमच्याकडे आली, पाया पडली, उभ्या उभ्याच गेली. आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. जन्मदाखला माझ्या कपाटात होता. नागसेननं तो मागितला नाही आणि मी दिला नाही.

नऊ जानेवारीला मी सकाळची बस धरली. खिशात पेन होतं आणि तो कागदही घेतला होता. का घेतला ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. ती गेटापर्यंत आली. अंगात पांढरा कोट होता. उंच झाल्यासारखी वाटत होती.

मी बसमध्ये जे जुळवलं होतं ते सांगायला लागलो. "तुला एक सांगायचं राहिलंय. तुला मी शाळेत घेतलं ते तू दारात बसायचीस म्हणून न्हाई. पट कमी पडत होता. वीस होती पोरं. मला एकवीस पायजे होती."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दादानं. तिसरीत होते तेव्हा. भांडण झालं की एकविसावी म्हणून चिडवायचा."

"मग ती गोष्ट? सगळ्यांना सांगायचीस ती? त्या दिवशी आतसुद्धा?"

ती थोडी हसली. "तुम्हाला आवडायची म्हणून."

मी म्हणालो, "मी सरनोबत मॅडमना भेटतो. चूक माझी होती, माझ्या हातची तारीख होती, असं सांगतो. आज तर तुला सतरा पूर्ण झालीच."

"आणि माझी जागा?"

मी खिशातला जन्मदाखला आणखी आत सारला.

"मॅडम आम्हाला शरीररचना शिकवतात," ती म्हणाली. "हजेरीत माझं नाव आलं की माझ्याकडे बघून हसतात. जूनमध्ये आपल्या दोघींचा वाढदिवस मिळून करू म्हणाल्यात. आमरस त्या आणणार आहेत."

मी खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिनं मागे वळून इमारतीकडे बघितलं. पायऱ्यांवर तिच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या, आमच्याकडेच बघत होत्या. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांत बघितलं. घाई केली नाही. एक श्वास घेतला.

"माझा वाढदिवस जूनमध्ये असतो, गुरुजी. पेन तेव्हा द्या."